एका खिळ्यावर तीन किल्ल्या

मित्रांनो, सरोवराच्या दक्षिण काठावर, मासेमार जाळी वाळत घालतात त्याच्या पलीकडे, धक्क्याला साखळीने बांधलेली एक करडी बोट दिसते. तिच्या टपावर पाणकावळे बसतात. येणारेजाणारे तिला टेकून चपलांतली वाळू झटकतात. ती मी. मी गस्तीची बोट आहे. होते म्हणणे जास्त खरे. मी मोडले म्हणून इथे पडलेली नाही. इथे पडून राहिले म्हणून मोडत चालले आहे. ते कसे झाले, तेवढेच तुम्हाला सांगायचे आहे. ऐकून तुम्ही काही करू शकाल, अशी माझी फारशी आशा नाही. पण पडल्या पडल्या मला दुसरे काम तरी काय आहे?

हे सरोवर तीन देशांच्या मध्ये आहे. उत्तरेचा काठ एकाचा, पूर्वेचा दुसऱ्याचा आणि हा दक्षिणेचा तिसऱ्याचा. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, पण नकाशावर येते, आणि तशी ती ओढलेली होती. पूर्वी प्रत्येक देशाची आपापली गस्त असायची. चोरटा माल नेणाऱ्यांना एका गस्तीने हटकले, की ते रेघ ओलांडून दुसऱ्याच्या पाण्यात जायचे आणि तिथून मजेत हात हलवायचे. पाठलाग करणाऱ्याने रेघेपाशी थांबायचे, असा नियम होता. त्याहून वाईट म्हणजे रेघेच्या आसपास एखादा मासेमार बुडू लागला, तर हे म्हणायचे ते जातील आणि ते म्हणायचे हे जातील. असे बरेच जण गेले. मग कुठे तिन्ही सरकारे एका टेबलाशी बसली आणि तिघांनी मिळून एक मोठी, वादळातही जाऊ शकेल अशी बोट ठेवायचे ठरले.

माझा सांगाडा एका देशाच्या गोदीत ठोकला गेला. इंजिन दुसऱ्याने दिले. वायरलेस, दिवे आणि दोरखंड तिसऱ्याने. रंग कोणता द्यायचा यावर मात्र घोडे बराच काळ पेंड खात राहिले. शेवटी तिघांच्याही झेंड्यात नसलेला रंग शोधला, तो हा करडा. नाव ठरवायला एक समिती नेमली होती. ती समिती अजून नाव ठरवते आहे. तोवर मासेमारांनीच मला नाव देऊन टाकले. मी लांबून दिसले की ते म्हणायचे, "तिघांची आली रे." मला ते नाव आवडायचे.

आता मी नेमकी कोणाची, हा प्रश्न उरला. आपण झोपलो असताना शेजारी बोट घेऊन पसार झाला तर? ही धास्ती तिघांनाही होती, आणि प्रत्येकाला ती दुसऱ्या दोघांबद्दल होती. त्यावर तोडगा निघाला कुलपांचा. एक कुलूप इंजिनच्या झाकणाला, एक सुकाणूच्या चाकाला आणि एक मला धक्क्याशी बांधणाऱ्या साखळीला. इंजिनची किल्ली दक्षिणेच्या माणसाकडे, चाकाची उत्तरेच्या आणि साखळीची पूर्वेच्या. तिघे हजर असल्याखेरीज मी हलायचे नाही. करारावर सह्या झाल्या तेव्हा एक मोठे साहेब म्हणाले, की ही विश्वास बसेपर्यंतची तात्पुरती सोय आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झाले. नवी होते ना मी. इतर बोटींना एकही कुलूप नव्हते आणि मला तीन होती, याचा मला तोरा वाटला.

माझ्यावर नेमलेली माणसे सांगते. उत्तरेचा सुकाण्या वयाने सगळ्यांत मोठा. उंच, जरा वाकलेला, ओठांत कायम काडेपेटीची एक काडी. त्याला बाकीचे काका म्हणायचे. दक्षिणेचा मिस्त्री बुटका आणि गोल. तो इंजिनशी सासूसारखा बोलायचा, सारखे बोल लावायचा आणि दुसऱ्या कोणी इंजिनाला नाव ठेवले की भांडायला उठायचा. वायरलेस पाहायची पूर्वेची मुलगी. होती सगळ्यांत लहान, पण मानाने दोघेही तिला ताई म्हणायचे. तिला नुसत्या आवाजावरून तिन्ही काठांवरचे मासेमार ओळखू यायचे. बोलणारा नाव सांगायच्या आत ती म्हणायची, "बोला, आज सर्दी झाली वाटतं."

सुरुवातीला तिघे आपापली किल्ली जिवापाड जपत. काका कमरेला खोचायचा, मिस्त्री मोज्यात ठेवायचा आणि ताई पर्समध्ये. शेजारच्याची किल्ली कुठे आहे, ते बघायचे नाही असे दाखवत प्रत्येक जण बघायचा. मग एके दिवशी मिस्त्रीची किल्ली मोज्याबरोबर धुवायला गेली. तो घरी जाऊन बायकोची बोलणी खाऊन परत येईपर्यंत सकाळ संपली. त्या सकाळी आम्ही गस्तीला गेलोच नाही. दुपारी काकाने केबिनमधल्या चहाच्या स्टोव्हच्या वर, लाकडी पट्टीत, बुटाच्या टाचेने एक खिळा ठोकला. आपली किल्ली त्याला अडकवली.

"काका, हे नियमात बसत नाही," ताई म्हणाली.

"नसेल बसत. रोज घरी नेऊन तिचं काय लोणचं घालायचंय?"

मिस्त्रीने मोज्यातून किल्ली काढली. ताईने नाक दाबून ती आधी धुवायला लावली आणि मग स्वतःची तिच्याशेजारी अडकवली. त्यानंतर तिन्ही किल्ल्या त्या एका खिळ्यावर राहू लागल्या. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी पाहुणे आले, तरी मी निघायचे ते निघायचेच. करार मोठ्या साहेबांनी केला असेल. तो पाळला त्या खिळ्याने, असे मला अजून वाटते.

ती माझी चांगली वर्षे होती. चोरटा माल बंद झाला नाही, पण चोर दमले. एकाला तर आम्ही बुडताना बाहेर काढले. तो आमचा का तुमचा, यावर तिन्ही चौक्यांची वायरलेसवर दुपारभर घासाघीस चालली. तोवर तो काकाशेजारी बसून चहा पीत मिस्त्रीला इंजिनबद्दल सल्ले देत होता. मासेमार तर आम्ही किती काढले, ते मोजायचे कोणाच्या डोक्यातही आले नाही. माणूस कुठल्या काठाचा ते वर ओढून घेतल्यावर कळायचे, आणि तेही तो शिव्या देऊ लागला की. तिन्ही काठांची बोली एकच आहे, शिव्या तेवढ्या वेगळ्या.

मिस्त्रीचा थोरला भाऊ, त्याला सगळे दादाच म्हणत, याच काठावर मासेमारी करायचा. धाकट्याची सरकारी नोकरी त्याच्या थट्टेचा विषय होता. होडी माझ्या अंगाला लावून तो ओरडून विचारायचा, "काय रे, मी बुडालो तर तुम्ही तिघं आधी मीटिंग घेणार का?"

"तू बुड तर खरा," काका काडी चावत म्हणायचा. "मग बघू."

आणि दादा हसत हसत एखादा मोठा मासा माझ्या डेकवर टाकून जायचा.

वर्षातून एकदा तिन्ही मंत्री येत. मला धुऊनपुसून लख्ख करायचे. फोटोसाठी एकदा तिघांनी मिळून चाक धरले. प्रत्येकाने ते आपापल्या काठाकडे वळवले, आणि मी धक्क्यावर आपटले. काकाने मागून हात घालून मला सरळ केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटोखाली लिहिले होते, की तिन्ही शेजाऱ्यांची दिशा एकच आहे. मिस्त्री ते मोठ्याने वाचत होता आणि ताईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आले होते.

मित्रांनो, इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की कोणीतरी दुष्ट माणूस आला आणि त्याने हे सगळे बिघडवले. तसे काही झाले नाही. आला तो एक भला बातमीदार. आमच्याबरोबर फिरला, चहा प्यायला, परतताना त्याला भरून आले होते. त्याची नजर त्या खिळ्याकडे गेली. त्याने विचारले आणि काकाने, काय लपवायचे म्हणून, सरळ सांगितले. बातमीदाराने किल्ल्यांचा फोटो काढला. बातमीचा मथळा होता, "एका खिळ्यावर तीन देश." इतके चांगले माझ्याबद्दल कोणी कधी लिहिले नव्हते.

ते चांगले लिहिलेलेच मला भोवले. तिन्ही राजधान्यांत तो फोटो पोचला आणि तिन्हीकडे नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली किल्ली त्यांच्या किल्लीशेजारी कशी? रात्री ती कोणाच्या ताब्यात असते? खिळा कोणी ठोकला, कोणाच्या हुकमाने ठोकला? इतकी वर्षे एकही घोटाळा झाला नाही, हे सांगायला कोणी उठले असेल तर ते माझ्यापर्यंत आले नाही. एकमेकांना पाण्यात पाहणारे पुढारी सगळीकडे होतेच. त्यांना आयताच विषय मिळाला. राईचा पर्वत झाला, आणि त्या पर्वताखाली आमचा स्टोव्ह, आमचा चहा, सगळे गाडले गेले.

धक्क्यावर दक्षिणेचे सशस्त्र शिपाई आले. त्यांच्यावर एक नवे साहेब आले. ते साहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी पकडीने तो खिळा उपटला आणि कागदात गुंडाळून खिशात घातला. भोक अजून आहे. चाकावर उत्तरेने पोलादी पेटी बसवली आणि नवे, जाडजूड कुलूप घातले. आता तिघांनी रोज आपापली किल्ली घरी न्यायची आणि एकमेकांशी कामापुरतेच बोलायचे. तिघे माझ्यावर बसत, पण तीन कोपऱ्यांत. मिस्त्री इंजिनालाही बोलेनासा झाला. मला ते फार लागले.

मग उत्तरेच्या सरकारने काकाला माघारी बोलावले. नवी व्यवस्था ठरेपर्यंत किल्लीसह परत यावे, असा हुकूम होता. काका निघाला तेव्हा शिपाई डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"किल्ली ठेवून जा की," मिस्त्री हलकेच म्हणाला.

काकाने शिपायांकडे पाहिले. किल्लीला दोरी बांधून त्याने ती गळ्यात घातली आणि सदऱ्याच्या आत सोडली.

"चार दिवसांचा प्रश्न आहे. इंजिन मधेमधे चालू करत जा, थंडीत आखडतं," तो म्हणाला. ताईच्या डोक्यावर हात ठेवून तो उत्तरेकडच्या होडीत बसला. चार दिवस म्हणता म्हणता हिवाळा सरला तरी बोलावणे आले नाही. मिस्त्री आणि ताई रोज येऊन माझ्यावर बसत आणि संध्याकाळी घरी जात.

ज्या दुपारची गोष्ट आता सांगणार आहे, ती सांगायला मला जड जाते. सकाळ चांगली होती. जेवणाच्या सुमाराला वारा फिरला आणि बघता बघता सरोवर खवळले. काठावरच्या होड्या लोकांनी वर ओढल्या. आणि ताईच्या वायरलेसवर एक आवाज आला. तिने तो पहिल्या शब्दाला ओळखला. तिचा चेहरा पाहून मिस्त्री उठून उभा राहिला. दादाचे इंजिन बंद पडले होते, होडीत पाणी येत होते आणि तो रेघेच्या जवळ होता.

मिस्त्रीने इंजिनचे झाकण उघडले. ताईने साखळी सोडली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झाले. पण चाक पेटीत बंद होते. ताईने उत्तरेच्या चौकीला हाका मारल्या. एकदाच उत्तर आले, "तुमच्याशी बोलायची परवानगी नाही." त्यानंतर चौकीने मिठाची गुळणी धरली.

मिस्त्रीने घण आणि छिन्नी आणली. धक्क्यावरचे साहेब धावत आले.

"मिस्त्री, ते त्यांचं कुलूप आहे. तोडलंत तर उद्या ते म्हणतील, आम्ही त्यांच्या मालावर हात टाकला. मी वर विचारतोय. फोन लावलाय."

"साहेब, माझा भाऊ आहे तिथे."

"मला कळतं हो. पण थांबा जरा."

मिस्त्री थांबणार नव्हता. त्याने घण उचलला होता. तेवढ्यात वायरलेस खरखरला आणि काकाचा आवाज आला. तो चौकीत कसा शिरला, कोणाला ढकलून शिरला, ते नंतरही कधी नीट कळले नाही. तो म्हणाला, "ताई, मी ऐकलंय सगळं. माझी होडी काढतोय, किल्ली गळ्यात आहे. मिस्त्रीला सांग, कुलपाला हात लावू नको. तुझी नोकरी जाईल, पोरांच्या पोटावर पाय येईल. मी येतोच आहे."

मिस्त्रीने घण खाली ठेवला.

मित्रांनो, मी पुष्कळदा याचाच विचार करते. तिन्ही देशांचा एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून ते कुलूप आले होते. आणि मिस्त्रीने ते तोडले नाही, कारण काका येतो म्हणाला म्हणजे येणार, यावर त्याचा विश्वास होता. त्या दिवशी त्याचा विश्वास थोडा कमी असता तर बरे झाले असते.

साहेबांना हायसे वाटले. "बघा, सुटला प्रश्न," ते म्हणाले. सगळे उत्तरेकडे बघत उभे राहिले. माझे इंजिन चालू होते. मी साखळीतून मोकळी होते, आणि तरी जागची हलू शकत नव्हते. लाटा मला धक्क्यावर आपटत होत्या.

बऱ्याच वेळाने दादा आला. वाऱ्याने त्याची होडी रेघेपासून वळवून याच काठावरच्या वेताच्या बेटात आणून फेकली होती. तो भिजून चिंब झाला होता, खांद्यावर वल्हे होते आणि काठाकाठाने चालत येत होता. मिस्त्रीने त्याला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. दादाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे, शिपायांकडे, सगळ्यांकडे पाहिले आणि सवयीने म्हणाला, "झाली का मीटिंग?"

ताई म्हणाली, "दादा, काका निघालेत. तुमच्यासाठी. लहान होडीतून."

दादा तिथेच खाली बसला.

मिस्त्रीने पुन्हा घण उचलला. पण आता साहेब आडवेच आले. "आता तर मुळीच नाही. त्यांचा माणूस परवानगीशिवाय पाण्यात आहे. आपली बोट त्याच्या मागे गेली तर ते काय अर्थ काढतील? मी विचारलंय वर." मिस्त्रीने ऐकले नाही. एक घाव बसला. त्याचा पोचा त्या पेटीवर अजून आहे. दुसऱ्या घावाआधी शिपायांनी त्याचे दोन्ही हात धरले. तो त्यांना शिव्या देत होता, मग विनवण्या करू लागला. ताई वायरलेसवर काकाला हाका मारत राहिली. त्याच्या होडीत वायरलेस नव्हते, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सरोवर शांत होते. कुलूप तोडायची परवानगी आली, पण प्रसंग संपल्यामुळे ती लगेच मागेही घेतली गेली.

काका पूर्वेच्या काठाला लागला. ओळख पटवायला ताईला बोलावले. किल्ली त्याच्या गळ्यात होती. उत्तरेने जाहीर केले, की तो हुकूम मोडून गेला होता. त्याच्या घरच्यांना काही मिळाले नाही. त्याला घरी नेले त्या दिवशी मिस्त्रीला आणि दादाला पलीकडे जाऊ दिले नाही. ते दोघे माझ्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उत्तरेकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत उभे राहिले. तिन्ही राजधान्यांनी दुःख व्यक्त केले आणि तिन्ही राजधान्यांनी दोष दुसऱ्या दोघांना दिला.

किल्ली हरवलेली नाही, मित्रांनो. पूर्वेच्या एका कचेरीत, कपाटात, मोहोरबंद पाकिटात ती आहे. पूर्व म्हणते, तो पुरावा आहे. उत्तर म्हणते, ती आमची वस्तू आहे. दक्षिण म्हणते, बोट आमच्या धक्क्यावर आहे. तिघे मिळून ठरवतील तेव्हा ती येईल. तिघे मिळून बसायचे थांबले, त्याला आता फार काळ झाला. साखळी मला पुन्हा घातली. ताईची बदली राजधानीत झाली, एका बंद खोलीत, जिथे कोणाचा आवाज ऐकू येत नाही. माझे वायरलेस काढून नेले. त्यामुळे सरोवरात कोण हाका मारते, ते आता मलाही कळत नाही. काठावर बायका रडू लागल्या की समजते. दादाने होडी विकली. तो कधीकधी येऊन मला पाठ टेकून बसतो. थट्टा तो करत नाही. एकदाच म्हणाला, "मी तर घरी पोचलो होतो."

सरकारांना सांगावे असे माझ्याकडे काही नाही. ती माझ्यासारख्यांचे ऐकत नाहीत. तुम्हाला मात्र एक मागणे आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या आणि शेजारच्या घरात, दोन भांडणाऱ्या गावांमध्ये कुठेतरी असा एखादा खिळा असेल. दोन-तीन साध्या माणसांनी कोणाला न विचारता ठोकलेला. तो दिसला तर त्याचा गाजावाजा करू नका, त्याचा फोटो काढू नका. तो उपटायला कोणी पकड घेऊन आले, तर तेवढे तरी आडवे या.

मिस्त्री आता म्हातारा झाला आहे, नोकरीतून सुटला आहे. तरी तो येतो. हातात तेलाची लहान बुधली असते. त्याचे स्वतःचे, इंजिनवरचे कुलूप गंजून झाकणाशी एकजीव झाले आहे. त्याकडे तो बघतही नाही. माझ्या तळाखाली गाळ साचला आहे, इंजिनात मुंग्यांनी घर केले आहे. आज किल्ली आली तरी मी हलू शकणार नाही, आणि हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तो केबिनमध्ये येतो, पोलादी पेटीवरचा पोचा बाहीने पुसतो आणि काकाच्या कुलपात तेल घालतो. एका नव्या शिपायाने त्याला विचारले, "आजोबा, किल्ली येणार आहे का?"

"त्यांनी सांगितलंय, येतोच आहे म्हणून," मिस्त्री म्हणाला. "तेव्हा आखडलेलं नको."

ते कुलूप अजून नव्यासारखे आहे. माझ्यात आता तेवढे एकच चालू स्थितीत उरले आहे.